पाण्यातल्या माणसाला दोर कोण टाकणार?

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
सागरी सुरक्षा समिती,
आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, लंडन

सन्माननीय सदस्यहो,

माझं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं. बत्तीस वर्षं. इंजिन रूममधल्या वायरी, मोटारी, जनरेटर, अलार्म हे माझं खातं. कागदावर माझा हुद्दा आधी इलेक्ट्रिकल ऑफिसर आणि पुढे ईटीओ, म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर, असा होता, पण बोटीवर सगळे मला 'बत्तीसाब' म्हणायचे. भारतीय खलाशांत या हुद्द्याला पिढ्यानपिढ्या हेच नाव आहे. आता मी निवृत्त झालो आहे. माणसाशिवाय चालणाऱ्या जहाजांसाठी आपली समिती जी संहिता घडवते आहे, तिची वाटचाल मी गेली काही वर्षं बारकाईनं वाचतो आहे. तिच्यात एक मोठं भोक राहून जाईल अशी भीती मला वाटते, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण ज्यांच्या पोटाचा आणि जिवाचा हा प्रश्न आहे, त्यांनीही ते वाचायला हवं.

आधीच सांगतो, मी यंत्रांच्या विरोधात नाही. यंत्रं सांभाळणं हीच माझी भाकरी होती. माझं म्हणणं एवढंच आहे: जहाजावरून माणूस उतरवायचा असेल तर उतरवा, पण तो जी कामं करत होता ती त्याच्याबरोबर उतरवू नका. जहाजावर माणूस नाही, ही सबब कोणत्याही कर्तव्यातून सुटका मिळवायला चालता कामा नये. या एका गोष्टीसाठी मी पुढचं सगळं लिहितो आहे.

गेल्या काही वर्षांत काय काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये फिनलंडमध्ये 'फाल्को' ही फेरीबोट पाराइनेनहून नाउव्होला स्वतःच गेली आणि परतताना किनाऱ्यावर बसलेल्या कॅप्टननं ती दुरून चालवली. जपानमध्ये २०२२ च्या सुरुवातीला 'सुझाकू' या कंटेनर जहाजानं टोकियोच्या गजबजलेल्या उपसागरातून जवळपास ७९० किलोमीटरची जा-ये केली आणि त्यातला बहुतेक सगळा प्रवास यंत्रणेनं सांभाळला. त्याच वर्षी 'प्रिझम करेज' हा प्रचंड गॅसवाहू टँकर मेक्सिकोच्या आखातातून पनामामार्गे दक्षिण कोरियाला गेला. सुमारे वीस हजार किलोमीटरच्या त्या सफरीतलं निम्मं अंतर यंत्रणेनं कापलं. वाटेत शंभरेक वेळा दुसऱ्या जहाजांना चुकवलं, असं ती यंत्रणा बनवणाऱ्यांनी सांगितलं. हे मी कौतुकानं वाचलं. रडारसमोर डोळे चोळत उभ्या राहिलेल्या सेकंड ऑफिसरला मी पहाटे चार वाजता पाहिलेलं आहे. त्याच्या मदतीला न थकणारा जोडीदार आला तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार?

पण या सफरींमध्ये जहाजावर माणसं होती. ती बातमीत शेवटच्या ओळीला येतात, म्हणून मी इथे मुद्दाम लिहितो. नॉर्वेची 'यारा बिर्कलँड' पाहा. ८० मीटर लांब, १२० कंटेनर नेणारी, पूर्ण बॅटरीवर चालणारी सुंदर बोट. रस्त्यावरच्या ट्रकच्या वर्षाला चाळीस हजार फेऱ्या वाचवण्यासाठी ती बांधली. २०२० पर्यंत ती विनाखलाशी धावेल असा मूळ बेत होता. प्रत्यक्षात २०२२ च्या वसंतात ती व्यापारी फेऱ्या करू लागली, तीही खलाशांना घेऊन. यात मला कुणाचं अपयश दिसत नाही. घाई न करता थांबण्याचं शहाणपण दिसतं.

आणि 'मेफ्लॉवर'. हे मात्र खरोखर विनामाणसाचं छोटं जहाज. अटलांटिक ओलांडायला २०२१ मध्ये निघालं आणि परत फिरवावं लागलं. चुकलं काय होतं? दिशा चुकली नव्हती, वादळ ओळखता आलं नव्हतं असंही नाही. जनरेटरच्या डिझेल इंजिनाचा धूर बाहेर नेणारा एक लवचीक धातूचा जोड निकामी झाला होता. पुढच्या वर्षी ते पुन्हा निघालं, जनरेटरच्याच दुखण्यामुळे आधी अझोर्स बेटांकडे वळवावं लागलं आणि शेवटी जून २०२२ मध्ये कॅनडात हॅलिफॅक्सला पोहोचलं. वाट त्याला सापडत होती. पाना धरायला हात नव्हता.

सन्माननीय सदस्यहो, आपल्या चर्चांमध्ये ब्रिजबद्दल, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या वरच्या खोलीबद्दल, फार बोललं जातं आणि इंजिन रूमबद्दल त्या मानानं कमी. ब्रिजवर काय चालतं ते सगळ्यांना दिसतं, समजतं. मी दुसऱ्या टोकाचा माणूस आहे, म्हणून खालचं सांगतो.

इंजिन रूम रात्री रिकामं ठेवायची पद्धत आता जुनी झाली. आम्ही तिला यूएमएस म्हणतो. संध्याकाळी फेरी मारायची, पंप, फिल्टर, टाक्यांच्या पातळ्या बघायच्या, कंट्रोल ब्रिजकडे द्यायचा आणि वर केबिनमध्ये जाऊन झोपायचं. खाली काही बिघडलं की ड्यूटीवरच्या इंजिनिअरच्या उशाशी अलार्म वाजतो. 'इंजिन रूममधून माणूस केव्हाच गेला, आता ब्रिजवरूनही जाईल,' असं कुणी म्हणालं की मला तो उशाशी वाजणारा अलार्म आठवतो. इंजिन रूम रिकामं ठेवता येतं, कारण तीन-चार मजले वर एक माणूस बूट पलंगाखाली तयार ठेवून झोपलेला असतो.

एका रात्री अडीचच्या सुमाराला असाच अलार्म वाजला. दोन नंबरच्या जनरेटरचं लुब ऑइल प्रेशर कमी. ड्यूटीवरचा थर्ड इंजिनिअर खाली धावला आणि त्यानं मला उठवलं. गेजवर पाहिलं तर प्रेशर अगदी व्यवस्थित. म्हणजे तेल ठीक होतं आणि खबर खोटी होती. पण खबर खोटी असली तरी ती खरी मानून जनरेटर बंद पडू शकतो, आणि त्या वेळी जहाजाचा सगळा भार त्याच्यावरच होता. मी पॅनल उघडलं. टॉर्चच्या उजेडात सगळ्या वायरी आपापल्या जागी, ओळीत, जशा कारखान्यातून आल्या तशा. नजरेला काहीच कळेना. मग दोन बोटांच्या चिमटीत एकेक वायर धरून हलकेच ओढत गेलो. खालच्या रांगेतली एक वायर हातातच आली. वर्षानुवर्षांच्या थरथरीनं तिचा स्क्रू सैल पडला होता. ती पुन्हा बसवली, स्क्रू आवळला, शेजारचे चारही तपासले. अलार्म गेला. लॉगबुकात थर्ड इंजिनिअरनं एक ओळ लिहिली आणि आम्ही झोपायला गेलो.

अशी ओळ मी किती वेळा लिहिली असेल, मोजदाद नाही.

आता २६ मार्च २०२४ ची रात्र घ्या. 'डाली' हे सुमारे ३०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडत होतं. एकाएकी वीज गेली, आली आणि पुन्हा गेली. सुकाणू आणि इंजिन हाताशी उरलं नाही. दीडच्या सुमाराला जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. पुलावर रस्त्याची डागडुजी करणारे सहा कामगार गेले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं पुढे वीज जाण्याचं मूळ शोधून काढलं, तेव्हा ते निघालं एका वायरपाशी. वायरच्या टोकावर नावाची जी छोटी पट्टी चढवतात, ती अशी बसवली गेली होती की वायर टर्मिनलमध्ये पुरती आत शिरलीच नव्हती. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ नुसता बसून होतो. ती वायर मला माझ्या बोटांना जाणवत होती.

इथे कुणी म्हणेल, जहाजावर माणसं असूनही हे झालंच ना? झालं. ती वायर आधी सापडायला हवी होती आणि ती न सापडणं हा माणसांचाच दोष आहे. पण त्या शेवटच्या मिनिटांकडे पाहा. खाली माणसांनी ब्रेकर हातानं चढवून वीज परत आणली. वर नांगर सोडला गेला. बंदरातून जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटनं धोक्याची खबर दिली आणि पोलिसांनी पुलाच्या दोन्ही टोकांना गाड्या थांबवल्या. त्या थांबलेल्या गाड्यांत किती जण होते याची नोंद मृतांच्या यादीत होत नाही. वाचलेल्यांची यादी कुणी करत नाही.

समुद्रावरच्या अपघातांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मानवी चुकीमुळे होतात, हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. विनाखलाशी जहाजांच्या प्रत्येक सादरीकरणात ते पहिल्या पानावर असतं. त्यातला आकडा मी खोटा म्हणत नाही. पण तो फक्त घडलेले अपघात मोजतो. न घडलेला अपघात कुठल्या रकान्यात लिहायचा? रात्री अडीचला आवळलेल्या स्क्रूचा रकाना कोणता? माणसाची चूक मोजायची आणि माणसानं निस्तरलेलं मोजायचंच नाही, असा हिशेब घेऊन आपण संहिता लिहू नये अशी माझी विनंती आहे. संहिता बंधनकारक होण्याआधी अनुभव गोळा करण्याचा टप्पा आपण ठेवला आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. त्या टप्प्यात प्रत्येक चाचणी जहाजानं माणसाला किती वेळा हात घालावा लागला, कशासाठी, आणि तो घातला नसता तर काय झालं असतं, हे समितीला कळवणं सक्तीचं करा. अपघातांची माहिती ठेवणारी आपली व्यवस्था आहेच. तिच्याशेजारी वाचवलेल्या अपघातांचंही दप्तर उघडा आणि ते सगळ्यांना वाचू द्या. आज ही माहिती ज्या कंपन्यांकडे आहे, त्यांना ती लपवण्यात फायदा आहे.

माणूस किनाऱ्यावरच्या खोलीत बसून पडद्यावर लक्ष ठेवील, असं उत्तर यावर दिलं जातं. या उत्तराबद्दल मला फार काळजी वाटते, आणि तिचं कारण तीस वर्षांपूर्वीचं आहे. जून १९९५ मध्ये 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघालं. निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. उपकरणानं गुपचूप अंदाजपंचे पद्धत धरली: वेग आणि दिशा यांवरून आपण कुठे असू ते गणित करून दाखवायचं. पडद्याच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटली, पुढे दिसत राहणारा इशारा तेवढाच. वॉचवरचे अधिकारी जवळपास चौतीस तास तो पडदा बघत होते. बाहेर टेहळणीवर उभ्या असलेल्या खलाशांनी असायला नको होते ते दिवे पाहिले, पाण्याचा बदललेला रंग पाहिला, तसं सांगितलंही. पण पडद्यावर सगळं आलबेल होतं. जहाज आपल्या मार्गापासून सतरा मैल बाजूला, नँटकेट बेटाजवळच्या वाळूत रुतलं.

तिथे निदान ब्रिजला खिडकी होती आणि खिडकीतून बघणारं कुणीतरी होतं. किनाऱ्यावरच्या खोलीत खिडकी नसेल. जहाजाची थरथर पायाला कळणार नाही, जळक्या इन्सुलेशनचा वास येणार नाही, इंजिनाचा सूर बदलला तर झोपेतून जाग येणार नाही. माझ्या धंद्यात निम्मं निदान नाक आणि तळपाय करतात. यातलं बरंचसं सेन्सरनं भरून काढता येईल हे मला मान्य आहे, त्यांची बनावट मी हाताळलेली आहे. पण सतत ठीकठाक असलेला पडदा आठ तास बघत बसायचा आणि नेमक्या त्या एका मिनिटाला जागं व्हायचं, हे काम माणसाला जमत नाही. आणि तरीही एका माणसाला एकाच वेळी किती जहाजं सोपवायची, या प्रश्नाचं उत्तर खर्चाच्या बाजूनं शोधलं जाईल हे उघड आहे. तीन जहाजं सुरळीत चालली की पाच, पाच चालली की आठ. ही मर्यादा संहितेनं ठरवावी. सगळं सुरळीत असताना माणूस किती जहाजं बघू शकतो हे मोजू नका. दोन जहाजांवर एकाच वेळी वीज गेली आणि तिसऱ्यासमोर मच्छीमारांचा तांडा आला, तर तो किती सांभाळू शकतो यावरून आकडा काढा. जहाजावरच्या माणसाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांतीचा नियम आहे. किनाऱ्यावरच्याला तितकाच काटेकोर नियम हवा.

मग कॅप्टनचा प्रश्न. कोणत्याही प्रकारचं स्वयंचलित जहाज असलं तरी त्याला एक जबाबदार मानवी कॅप्टन असलाच पाहिजे, मात्र तो जहाजावरच असला पाहिजे असं नाही, या निष्कर्षापर्यंत आपल्या संयुक्त कार्यगटातली चर्चा आली आहे. पहिल्या भागासाठी मी मनापासून आभार मानतो. दुसऱ्या भागाबद्दल एक सांगायचं आहे. सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या पाचव्या प्रकरणात एक नियम आहे: सुरक्षेसाठी कॅप्टनला जो निर्णय योग्य वाटेल त्याच्या आड मालकानं किंवा कंपनीनं यायचं नाही. हा नियम कागदावर आहे, पण त्याला खरं बळ मिळतं ते अंतरामुळे. कंपनी हजारो मैल दूर असते. वादळ समोर असताना वेळापत्रकाची घाई करणारा फोन आला, तर कॅप्टन फोन ठेवू शकतो. त्याच कॅप्टनची खुर्ची कंपनीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आली, मॅनेजर त्याच्या पाठीशी उभा राहिला, संध्याकाळी त्याच लिफ्टनं दोघांना खाली जायचं असेल, तर त्या नियमाचं काय होईल? मी असे मॅनेजर पाहिले आहेत. एकदा जनरेटरचं ओव्हरहॉल पुढच्या बंदरापर्यंत ढकला म्हणून दिवसात तीन निरोप आले होते. कॅप्टननं तिन्ही वेळा नाही म्हटलं आणि आम्ही नांगर टाकून काम पुरं केलं. तो जहाजावर होता, जहाज बुडालं तर तोही बुडणार होता, म्हणून त्याच्या 'नाही'ला वजन होतं. दूरस्थ कॅप्टनला संहितेनं हे वजन बाहेरून द्यावं लागेल. त्याला कामावरून काढण्यावर बंधनं हवीत, त्याच्या कक्षात व्यवस्थापनाला मज्जाव हवा, त्याचं नाव आणि अधिकार जवळच्या किनाऱ्याच्या देशाला क्षणात कळले पाहिजेत.

माणसं कमी झाल्यानं जे भलं होईल तेही मी लपवत नाही. जहाज धक्क्याला बांधायचा दोर तुटून पाय गेलेला माणूस मी पाहिला आहे. बंद टाकीत ऑक्सिजन नसताना आत उतरून गेलेल्यांची नावं प्रत्येक खलाशाला पाठ असतात. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर एडनच्या आखातात क्षेपणास्त्र आदळलं आणि तीन खलाशी मेले, ज्यांचा त्या युद्धाशी काडीचा संबंध नव्हता. जहाजावर कुणी नसेल तर ओलीस धरायला कुणी नाही. आग लागली तर डोकी मोजत न थांबता इंजिन रूममध्ये कार्बन डायऑक्साइड सोडता येईल, आणि ते थांबणं किती जीवघेणं असतं हे ज्यानं अनुभवलं त्यालाच ठाऊक. कोविडच्या काळात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. त्यांना घरी कधी जाणार हे सांगणारं कुणी नव्हतं. ही हानी टळणार असेल तर मी यंत्राच्या बाजूनं उभा राहीन. फक्त ती टळली म्हणून मोकळं व्हायचं आणि पाण्यातल्या इतरांना विसरायचं, असं होऊ नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी उचलली ती लिहितो.

आमचं जहाज दोन दिवसांच्या खराब हवामानातून बाहेर पडलं होतं. पहाटेचे पावणेसहा. ब्रिजच्या बाहेरच्या पंखावर टेहळणीला उभा असलेला खलाशी सेकंड ऑफिसरला म्हणाला, 'साब, उधर कुछ है.' रडारवर काही नव्हतं. लाटांच्या पांढऱ्या ठिपक्यांत लाकडाचं काही उमटत नाही, आणि आपली जागा आपोआप इतरांना कळवणाऱ्या एआयएस यंत्राचा सक्तीचा नियम मोठ्या जहाजांना आहे, छोट्या मासेमारी होड्यांना नाही. दुर्बिणीतूनही आधी काही सापडेना. पण त्या खलाशानं लाटेच्या माथ्यावर दोनदा काहीतरी पाहिलं होतं आणि तो आपल्या शब्दावरून हलला नाही. सेकंड ऑफिसरनं कॅप्टनला उठवलं. कॅप्टननं जहाज वळवलं.

उलटी झालेली लाकडी होडी होती. तिच्या तळावर पाच माणसं पालथी पडून कण्याला धरून होती. कॅप्टननं जहाज आडवं आणून त्यांच्यासाठी वाऱ्याची आड केली. आम्ही डेकवरून जाळं आणि पायलटची शिडी सोडली. डेकवरच्या खलाशांचा मुकादम असलेल्या बोसननं दोर फेकला, तो कमी पडला. दुसरा पोहोचला. पण त्यांना तो धरता येईना. रात्रभर कणा धरून धरून त्यांची बोटं मिटेनाशी झाली होती. मग बोसन कमरेला पट्टा बांधून शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरला. लाट होडीला वर आणायची तेवढ्या तीन-चार सेकंदांत तो एकेकाच्या काखेतून दोर ओवून गाठ मारायचा आणि आम्ही वरून ओढायचो. पाचवा माणूस वर यायला पन्नास मिनिटं लागली. त्याला डेकवर घेताना त्यानं माझं मनगट दोन्ही हातांच्या विळख्यात धरलं होतं, ते बराच वेळ सुटेना. सहावा रात्रीच गेला होता.

त्या जागी विनाखलाशी जहाज असतं तर? ते होडीला धडकलं नसतं असं मी धरून चालतो. कॅमेऱ्यांनी काहीतरी टिपलं असतं असंही धरतो. कदाचित किनाऱ्यावर एक खूणही उमटली असती. आणि जहाज वेळापत्रकाप्रमाणे पुढे गेलं असतं.

१९८२ च्या सागरी कायदा करारातलं ९८ वं कलम आणि सोलासच्या पाचव्या प्रकरणातला ३३ वा नियम कॅप्टनवर समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करण्याचं कर्तव्य टाकतात. सोलासचा जन्मच 'टायटॅनिक'नंतर, १९१४ मध्ये झाला. पण या दोन्ही तरतुदींमध्ये एक वाजवी सवड आहे. स्वतःच्या जहाजाला गंभीर धोका नसेल, आणि मदत करण्याच्या स्थितीत असेल, तर. माणसं असलेल्या जहाजासाठी ही सवड बरोबर आहे. माणसं नसलेल्या जहाजासाठी मात्र तीच पळवाट होते. 'आमच्या जहाजावर कुणी नाही, म्हणून आम्ही मदत करण्याच्या स्थितीत नाही,' हे वाक्य प्रत्येक वेळी, प्रत्येक समुद्रात, कायमचं खरं ठरेल. कर्तव्य रद्द न करताच संपून जाईल. आणि त्याचा भार येईल उरलेल्या माणसं असलेल्या जहाजांवर. मार्ग तेच वाकडे करणार, उशिराचा दंड तेच भरणार. २००१ मध्ये 'टाम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजानं बुडत्या होडीतली चारशेहून अधिक माणसं डेकवर घेतली आणि त्यानंतर त्या कॅप्टनला काय काय सोसावं लागलं, ते आपल्याला माहीत आहे. ज्या मालकाच्या जहाजाला हे कधी करावंच लागणार नाही, त्याला खर्च कमी येणार. मग बाकीचे मालक किती दिवस माणसं ठेवतील?

म्हणून संहितेत स्पष्ट शब्दांत लिहा की केवळ खलाशी नाहीत या कारणानं कोणतंही जहाज मदत करण्याच्या स्थितीत नाही असं मानलं जाणार नाही. माणसाशिवाय जहाज काय काय करू शकतं हे बांधणीच्या वेळीच ठरवता येतं. हाक ऐकणं, वळणं, वेग उतरवणं, वाऱ्याची आड करून उभं राहणं, प्रखर दिवा टाकणं, तराफा आणि जाळं दुरून खाली सोडणं, दुसरी मदत येईपर्यंत जागा न सोडणं. यातलं काहीही आजच्या तंत्राच्या पलीकडचं नाही. जपानमध्ये जानेवारी २०२२ मध्ये 'मिकागे' या कंटेनर जहाजाची चाचणी झाली, तेव्हा धक्क्याला लागताना पहिला दोर ड्रोननं किनाऱ्यावर नेला. जे ड्रोन धक्क्यावरच्या खुंटापर्यंत दोर नेऊ शकतं, ते पाण्यातल्या माणसापर्यंतही नेऊ शकतं. त्याला तसं सांगावं लागेल आणि जहाजावर तशी सोय ठेवावी लागेल, एवढंच. आमच्या बोसनसारखं काखेतून दोर ओवणं त्याला जमणार नाही. पण ज्यांची बोटं अजून मिटतात त्यांच्या हाती तो येईल. आणि जे जहाज एवढंही करू शकत नाही, त्याला खुल्या समुद्रात जायचा परवाना नको. त्यानं खाडीत, बंदरात, ठरलेल्या छोट्या मार्गावर चालावं, जिथे किनाऱ्याची मदत वेळेत पोहोचते.

अजून एक. किनाऱ्यावरच्या त्या खोलीत आज जे बसतील ते समुद्रावर वीस-वीस वर्षं काढलेले असतील. पडद्यावर नाही ते त्यांना कळेल. त्यांच्यानंतर कोण? कॅडेट म्हणून डेकवर उभं राहायला जहाजच उरलं नाही, तर पुढची पिढी लाटांत लाकूड ओळखायला कुठे शिकणार? दूरस्थ कॅप्टन आणि इंजिनिअर होण्यासाठी प्रत्यक्ष समुद्रसेवेची अट ठेवा, आणि ती सेवा देणारी जहाजं शिल्लक राहतील याची तजवीजही करा.

बंधनकारक संहिता १ जानेवारी २०३२ पासून लागू करायचं वेळापत्रक आपण आखलं आहे. ऐच्छिक संहितेचं काम आधी २०२४ साठी ठरलं होतं, ते पुढे गेलं. पुन्हा पुढे गेलं तरी माझ्यासारख्यांची तक्रार असणार नाही. ज्या दिवशी आपण मदतीच्या कर्तव्याचा मसुदा चर्चेला घ्याल, त्या दिवशी सभागृहात अशी काही माणसं बोलवा ज्यांना एखाद्या मालवाहू जहाजानं पाण्यातून बाहेर काढलं आहे. ती सापडतील, प्रत्येक समुद्राच्या काठावर आहेत. त्यांना विचारा, जहाज जवळ येताना त्यांनी सर्वांत आधी काय पाहिलं.

आपला नम्र,
एक निवृत्त बत्तीसाब